काकू मेल्या तरी बेहत्तर, मी सिंगापूरला चालले!

"ताई, या आठवड्यात शूटिंग सोडलंत तर काकूंना मारावं लागेल," निर्माता फोनवर म्हणाला. काकू म्हणजे मीच. त्याच्या मालिकेत वर्षानुवर्षं चहाचा ट्रे घेऊन येते, सुनेला टोमणा मारते आणि जाते. "मारा की!" म्हटलं आणि तिकीट काढलं. म्हटलं खरं, पण आमचं घर त्या काकूंवरच चालतं.

मित्सुएबाई जपानी अभिनेत्री. आयुष्यभर पडद्यावर आई, तीही स्वयंपाकघरातली. आता साठीत त्यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केलाय. सिंगापुरात त्याचा खेळ होता आणि नंतर त्यांच्याशी गप्पा. माझीही पटकथा कपाटात पडून आहे, मग मी कसली थांबतेय!

उतरले नणंदेकडे, वुडलँड्सला. एमआरटीला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, वेगळं कार्ड काढत बसू नका, बँकेचं टेकवा आणि निघा. बिशानला गाडी बदलून पाया लेबार. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, काया टोस्ट खाल्ला. नारळाचा गोड जाम आणि गार लोण्याचा जाड तुकडा, अहाहा! सोबत कोपी, म्हणजे तिथली कडक कॉफी, दोन डॉलरच्या आत. छत्री मात्र न्याच, मी चिंब भिजून थिएटरात पोचले.

चित्रपटातली आई संध्याकाळी पोहायला जाते आणि स्वयंपाकाला परतत नाही. बस्स, एवढंच. मी हुंदके देत बघितला.

नंतर गप्पांत एका गृहस्थाने बाईंना विचारलं, "आईच्या भूमिका मिळत होत्या ना? मग या वयात हे कशाला?"

दुभाषी मुलीने बाईंचं उत्तर सांगितलं, "मिळत होत्या. मला कंटाळा आला होता."

मी हात वर केला. "पण हातचं काम गेलं तर?"

बाई माझ्याकडे बघून हसल्या. "गेलंच. म्हणून तर चित्रपटाला वेळ मिळाला."

रात्री जेवताना नणंद काकुळतीला आली. "वहिनी, सॉरी म्हण गं त्या निर्मात्याला, उद्याच परत जा." तिची लेक ताटातून मान वर न करता तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "मामी, डोन्ट से सॉरी लाह!"

नाहीच म्हटलं सॉरी. ठरल्याप्रमाणे राहिले, तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि मगच पुण्याला परतले.

निर्मात्याने शब्द पाळला. परवाच्या भागात माझ्या फोटोला हार. निदान फोटो तरी बरा निवडायचा मेल्यांनी! पैशांची ओढाताण होणार, झोप उडालीय, खोटं कशाला सांगू? पण पटकथा कपाटातून बाहेर आलीय. सोमवारपासून आमच्याच घरात तिचं शूटिंग, आणि कॅमेरा कुठे लावायचा ते मी सांगणार.