बारावी पास लेखनिक पाहिजे

"एकेचाळीस इंजिनिअर तयार आहेत आणि तुम्हाला त्यातला एकही चालणार नाही?" मी फोनवर विचारलं.

"नाही चालणार," जोगळेकर बाई म्हणाल्या. "फार शिकलेत हो तुमचे लोक."

मी तेव्हा येरवड्याजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला होते. कर्मचाऱ्यांसाठी आसपास सेवेची कामं शोधणं हेही एचआरकडेच. आदल्या वर्षी आम्ही विश्रांतवाडीतल्या एका शाळेची भिंत रंगवली. ती दोनच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीनं रंगवली होती. शाळेनं दोघांचेही आभार मानले. या वर्षी खरी गरज शोधायची, असं मी ठरवलं होतं.

जोगळेकर बाई निवृत्त शिक्षिका. सदाशिव पेठेत अंध मुलींचं छोटं वसतिगृह चालवायच्या. त्यांच्याकडची मनीषा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिची लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारी मुलगी, काविळीनं आजारी पडली होती. पेपर मंगळवारी, आणि त्या दिवशी होता शुक्रवार. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, हा नियम. नाही मिळाला तर मनीषाचं वर्ष वाया.

मी कुलकर्णी सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, सांगितलं.

"मग झाडं लावा," सर म्हणाले. "फोटो चांगले येतात."

मी पॅन्ट्रीत चहा घ्यायला गेले आणि तिथंही फोनवर तेच गाऱ्हाणं सांगत बसले. फोन ठेवल्यावर संगीताताई म्हणाल्या, "मॅडम, माझी बारावी झालीय. कॉमर्स. चालेल का?"

संगीताताई चार वर्षं आम्हाला चहा देत होत्या. त्या बारावी पास आहेत हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी त्या मार्कशीट आणि फोटो घेऊन आल्या. आम्ही दोघी रिक्षानं मनीषाच्या कॉलेजात गेलो, अर्ज दिला. दुपारी वसतिगृहात दोघींची गाठ घालून दिली.

"ताई, मी फार भराभर बोलते," मनीषा म्हणाली.

"बोल. नाही जमलं तर थांब म्हणेन."

दोघींनी तासभर सराव केला. मनीषा एकदाही थांबली नाही, आणि ताईंनीही तिला थांबवलं नाही.

सोमवारी नवी अडचण. संगीताताई कंत्राटदाराकडून आलेल्या. पाच पेपरांसाठी पाच दिवस सुट्टी हवी, तर बदली माणूस द्या, असं सुपरवायझर म्हणाला.

"त्या आपल्या एम्प्लॉयी नाहीत," सरांनी आठवण करून दिली. "आपल्या रिपोर्टमध्ये त्यांचे सेवेचे तास धरता येणार नाहीत."

"नका धरू. चहाचं मी बघते."

मी एकेचाळीस जणांना मेल केला: पॅन्ट्रीत पाच दिवस चहा करायला व्हॉलंटिअर हवेत. तिघं आले. पहिल्या दिवशीचा चहा सरांनी अर्धाच प्यायला. दुसऱ्या दिवसापासून ते बाहेरून मागवू लागले.

पहिल्या पेपरानंतर संगीताताईंची बोटं सुजली होती.

"लिहिण्याचं काही नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण अशोकावर प्रश्न होता. तिनं कलिंगानंतरचं सगळं सोडलं. मला येत होतं. तोंड घट्ट मिटून बसले."

"अवघड गेलं?"

"फार. पण पेपर तिचा."

मनीषा पास झाली. इतिहासात जेमतेम, बाकी बरे मार्क पडले. सरांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये त्या वर्षी झाडांचे फोटो छापले.

पुढच्या परीक्षेआधी मी सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि ड्रायव्हर यांच्याकडे वही घेऊन गेले. नऊ जण बारावी पास निघाले. सहा जणांनी लगेच नाव दिलं. त्यातल्या बहुतेकांना मी रोज बघत होते. किती शिकलात, हे त्यांना मी पहिल्यांदाच विचारत होते.