पहिल्या नंबरचा तारिव

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दवाखान्यात, गल्लीत, अगदी सासरीसुद्धा तिला त्याच नावाने ओळखत. लसीकरणाच्या खोलीबाहेर उभं राहून मुलांची नावं पुकारायची, हे तिचं काम. आत सिस्टर सुई भरून बसलेल्या. बाहेर बाकांवर आया, कडेवरची पोरं, भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घातलेले बाप. या सगळ्या रडारडीवरून जो आवाज पार फाटकापर्यंत जाई, तो हिचा. दवाखान्याने मध्यंतरी एक लाउडस्पीकर बसवला होता, तो लगेच बिघडला. "मावशींचा आवाज ऐकून त्याने लाजेनं जीव दिला," असं सिस्टर म्हणत.

आवाजाइतकाच तिचा संशयही दांडगा. दुधाची पिशवी दुकानदारासमोरच उजेडात धरून बघायची. कोणी उगाच गोड बोललं की पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. 'बाळ तापानं फणफणलंय, आधी घ्या' म्हणत कोणी रांगेत घुसलं, की हिचा हात आधी बाळाच्या कपाळावर आणि मग त्या बाईच्या दंडावर. लोक याला खोड म्हणत. खोड कसली? आईबाप गेल्यावर सख्ख्या काकाने 'बेटा, इथे एक सही कर' म्हणून राहतं घर गिळलं होतं. ज्याला असा काका मिळतो, त्याने डोळे उघडे ठेवले तर लोकांचं काय जातं?

एका माणसावर मात्र तिचा विश्वास बसला होता, तिच्या नवऱ्यावर. तोही लग्नाबरोबर नाही, हळूहळू बसला. नवरा बेकरीची गाडी चालवायचा, पहाटे निघायचा, अंगाला पावाचा वास घेऊन दुपारी परत यायचा. मुलगा झाला तेव्हा प्रसूतिगृहाच्या पायऱ्या चढून तो आला तो नाव तयार ठेवूनच.

"तारिव," तो म्हणाला.

"हे कसलं नाव? कोणाचं?"

"जुन्या भाषेतलं आहे. सगळ्यांच्या पुढे जाणारा, असा अर्थ."

तिला अर्थापेक्षा वेगळीच गोष्ट आवडली. या नावावरून माणूस कुठल्या गल्लीतला, कुठल्या घरातला, कोणाच्या पंगतीतला, काही म्हणता काही कळत नव्हतं. नाव विचारणारे लोक बऱ्याचदा नाव विचारतच नसतात. याला कुठे बसवायचं, दारात की घरात, ते बघत असतात. जन्मनोंदणीच्या खिडकीतला बाबू पेन थांबवून म्हणाला होता, "हे नक्की कोणाकडचं नाव?" ती म्हणाली, "आमच्याकडचं. लिहा."

मुलगा शाळेत जायला लागला, आणि एक दिवस तिच्या हातातल्या चिठ्ठीवर तेच नाव आलं. आपल्याच मुलाला हाक मारल्यासारखं तिने पुकारलं. एक तरणी बाई तान्हं घेऊन उठली.

"नाव कुठून घेतलंत?" भोंगाने दार अडवून विचारलं.

"सुचलं असंच."

"असंच कसं सुचेल? माझ्या मुलाचं आहे ते!"

"मग काय, तुम्ही विकत घेतलंय का?"

आतून सिस्टर ओरडल्या, "मावशी, सुई धरून हात दुखला माझा! नंतर भांडा!"

चोरलं असणार, असं ठरवून तिने दार सोडलं. चोरीत एक मानही असतो. चांगली वस्तूच चोरतात. पुढे आणखी एक तारिव आला. मग एक रांगता तारिव आला, आणि एकदा तर तिने हाक मारल्यावर दोन बाया एकदमच उठल्या आणि एकमेकींकडे खाऊ की गिळू अशा बघत राहिल्या. भोंगा तोऱ्यात होती. माझ्या घरातून निघालेलं नाव बघा कुठे कुठे पोचलं!

तोरा उतरला तो दहा वर्षांच्या मुलांना लस द्यायच्या दिवशी. तिने "तारिव!" अशी हाक दिली आणि एक उंच, गुडघे खरचटलेला मुलगा उभा राहिला. तो तिच्या मुलापेक्षा चांगलाच मोठा होता. म्हणजे हा तिच्याकडून चोरूच शकत नव्हता. उलट...

तिने मुलाच्या आईला बाजूला घेतलं. बाई लाँड्रीत इस्त्रीला होती, बोटांवर भाजल्याचे डाग होते.

"ताई, नाव कोणी ठेवलं?"

"ह्याच्या बाबांनी."

"काय करतात?"

"गाडीवर असतात. फिरती."

भोंगाने पुन्हा मुलाकडे बघितलं. कान! बाहेर आलेले, उजेडात लालभडक दिसणारे कान. तिच्या घरी जेवायला बसणाऱ्या माणसाचे अस्सेच कान होते. त्या दिवशी तिचा आवाज पहिल्यांदाच बसला. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, तब्येत बरी ना? फाटकापर्यंत पोचत नाहीये."

दुपारी नवरा जेवत होता. तिने सरळच विचारलं, "अहो, तारिव हे नाव तुम्ही कुठून आणलंत?"

घास तोंडाशी थांबला. "आता मध्येच काय?"

"मध्येच आठवलं."

"ते... आजोबांचे एक दोस्त होते ना, त्यांचं."

"तेव्हा तर म्हणालात जुन्या भाषेतलं."

"मग ते दोस्त जुनेच होते की."

एरवी ती या उत्तरावर हसली असती. पण तो तिच्याकडे न बघता ताटातला भात एका कडेला जमवत होता, आणि कान लाल झाले होते. खोटं बोलणारा माणूस ती दवाखान्याच्या फाटकातून ओळखायची. हा तर हाताच्या अंतरावर बसला होता. काका 'बेटा' म्हणाला होता तेव्हा त्याची नजरही अशीच खाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी गेल्यावर तिने कपडे पिशवीत भरले, मुलाचेही भरले आणि पिशवी दाराआड ठेवली. रडली नाही. आधी डोळ्यांनी बघू, मग काय ते ठरवू. मुलाला शाळेत सोडलं, रजा टाकली आणि ती लाँड्रीवर गेली.

वाफेच्या ढगात ती इस्त्रीवाली चादरींच्या ढिगाआड होती. "अगंबाई, तुम्ही? लशीचं काही राहिलं का?"

"तुमच्या मालकांना भेटायचं होतं."

"मागेच आहेत की. गाडी भरतायत. अहो, ऐकलं का? दवाखान्यातल्या बाई आल्यात!"

भोंगाने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. मागच्या दारातून एक माणूस आला. ढेरपोट्या, ठेंगणा, खांद्यावर टॉवेलांचं गाठोडं. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असे कान, की तिच्या नवऱ्याचे त्यापुढे काहीच नाहीत.

तिला इतकं हायसं वाटलं की ती त्याच्यावरच खेकसली. "हे नाव तुम्ही कुठून आणलंत? खरं सांगायचं!"

त्याने बायकोकडे चोरून बघितलं आणि भोंगाला दाराबाहेर नेलं. "हिला सांगू नका. हिला वाटतं मी फार विचार करून ठेवलं. प्रसूतिगृहासमोर ते बक्षिसांच्या ढाल-कपांचं दुकान आहे ना? तिथे काचेत मोठ्ठा कप असायचा, त्यावर होतं. प्रथम क्रमांक, तारिव. हिला आत नेलेलं, मी बाहेर उभा. दुसरं बघायला होतंच काय?"

आता भोंगाला प्रसूतिगृहासमोरचा चहाचा ठेला आठवला. बापांना आत घेत नसत. सगळे तिथेच उभे राहायचे, हातात पेला, आणि समोर ती काच. तिचा नवराही तिथेच उभा होता.

पण ऐकीव गोष्टीवर थांबेल ती भोंगा कसली! ती तशीच दुकानात गेली. आत कपांवर नावं कोरणारा म्हातारा चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

"तो तारिवचा कप कुठे आहे?"

"तुमचाही तारिवच का?" म्हातारा वैतागला. "काढून ठेवला बाई. रोज कोणीतरी येतं, माझ्या मुलाचं नाव आहे, कप द्या म्हणून."

"पण हा जिंकलेला तारिव कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"नमुन्याचा कप तो. पूर्वी मी खरंखुरं नाव घालायचो. एक जण आला, म्हणाला, हे माझं नाव, माझा शर्यतीचा कप लपवून ठेवलास का? दुसरं नाव घातलं तर खालच्या आळीतल्या पोरांनी काच फोडली. वरच्या आळीतलाच पहिला का, म्हणे. मग मीच बसून एक नाव बनवलं. ना यांच्यातलं, ना त्यांच्यातलं. कोणाचंच नाही. खालची पट्टी तेवढी बदलायचो. कधी धावणे, कधी पोहणे, कधी वक्तृत्व."

भोंगा स्टुलावर बसलीच. "म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, हा पोरगा सगळ्यातच पहिला येतो."

"मला काय माहीत बाप लोक इतके येडे असतात! आता ते नाव सगळ्यांचं झालं, माझ्या कामातून गेलं. एखादं नवं सांगता का, कोणाचंच नसलेलं?"

"अजिबात नाही. खरी नावं घाला, काच फुटू दे," ती म्हणाली आणि उठली.

ती घरी पोचली तर नवरा दारातच उभा होता. दाराआडची पिशवी त्याच्या हातात होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे काय गं?"

"त्या तारिवची चौकशी करून आले. कपावरच्या."

तो पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसला. म्हणाला, "मला शाळेत कधी साधं उत्तेजनार्थही मिळालं नाही गं. तो कप बघितला आणि वाटलं, आपल्याला असा एक असावा. तुला कसं सांगणार, दुकानाच्या काचेतून उचललं म्हणून? तू दुधाची पिशवीसुद्धा तपासून घेतेस."

मग त्याने हळूच विचारलं, "काय करतो तो आता? मोठा झाला असेल."

थाप मारणं तिला जमत नसे. तिने म्हाताऱ्याने सांगितलं ते सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला, जणू ओळखीचं कोणी वारल्याचं ऐकावं तसा.

"म्हणजे पोहण्यातही नाही?"

"कशातच नाही."

"वक्तृत्वात तरी..."

तिला हसू फुटलं. ते तिच्या आवाजाचं हसू, शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. मग तोही हसला आणि त्याचे कान लाल झाले. ती एकदम थांबली. "आणि तो अर्थ? सगळ्यांच्या पुढे जाणारा? तो कुठून आणलात?"

"तो मी केला. माझाच आहे तो."

तिने त्याच्याकडे नीट, उजेडात धरून बघावं तसं बघितलं. नजर खाली गेली नव्हती. मग तिने पिशवी ओढली आणि एकेक कपडा काढून जागच्या जागी ठेवला. तळाशी उरलेला एक जोड मात्र तिने तसाच राहू दिला आणि पिशवी परत दाराआड लावली.

"ते कशाला?" तो म्हणाला.

"असू दे. काही सांगता येत नाही," ती म्हणाली, आणि मुलाला शाळेतून आणायला निघाली.