हौसाबाईंचे डोळे आणि निळ्या लाइटचं कॅबिनेट

आमच्या स्टुडिओत फोटोंपेक्षा किस्से जास्त साठलेत, असं माझी बायको मंगल म्हणते. खोटं नाही. फोटोंना निदान अल्बम तरी असतो. किस्से नुसतेच साठत जातात आणि चहाला चार माणसं जमली की बाहेर पडतात. नारायणगावात आजही कुणी नवीन काँप्युटर घ्यायला निघालं की त्याला सल्ला मिळतो, "आधी दिलीपभाऊ फोटोवाल्याला विचार. तो सांगेल ते सोडून दुसरं काहीही घे."

आता लोक माझ्या माघारी सांगतातच, त्यात पदरचा मीठमसाला घालून सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट. स्टुडिओ माझा आणि पार्टनर शांतारामचा. तोवर आमचा सगळा कारभार रोलवरचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळं लग्नात बटण दाबताना हात आखडायचा. माझी अजून एक खोड, समोरच्या माणसाला हसवल्याशिवाय मी बटण दाबत नसे.

एक दिवस कोंडीभाऊ आला. तळेघरच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. टोमॅटोच्या हंगामात तो मार्केटला क्रेट उचलायला नारायणगावात यायचा. त्याची आई हौसाबाई मागच्या वर्षी वारली होती. घरात तिचा एकच फोटो, तोही कोंडीभाऊच्या लग्नात मीच काढलेला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तो मोठा करून हवा होता.

फोटो बघितला आणि माझा चेहरा पडला. हौसाबाईंचे दोन्ही डोळे मिटलेले.

"भाऊ, तुमी तवा आजून एक का न्हाई काढला?" कोंडीभाऊनं विचारलं.

काय सांगणार? नवरा-नवरी, मामा, करवल्या, जेवणाची पंगत, असं करत नवऱ्याच्या आईच्या वाट्याला एकच फोटो आला होता. मी रोल वाचवला होता. त्या माणसाकडं आईची तेवढी एकच आठवण, आणि ती मी बिघडवून ठेवलेली. मला फार लाज वाटली. आणि लाज वाटली की मी वाट्टेल ते बोलतो.

"काही काळजी करू नको," मी म्हणालो. "आपण काँप्युटर घेतोय. आईचे डोळे उघडून देतो."

आपण काँप्युटर घेतोय हे शांतारामला तेव्हाच कळलं. वर्षश्राद्ध दिवाळीनंतर होतं. हातात चार महिने होते.

*

गावात काँप्युटरचा क्लास चालवणारे सतीश सर होते. तयार काँप्युटर घेऊ नका, पार्ट आणून जोडू, फोटोच्या कामाला तसाच लागतो, असं ते म्हणाले. त्यांनी यादी केली आणि तिच्यात 'रॅम' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. "बाकी कुठंही काटकसर करा, इथं करू नका. फोटो उघडला की तो सगळा हिच्यावर येतो."

आम्ही माना डोलावल्या आणि तिघं पुण्याला गेलो.

दुकानात शिरल्या शिरल्या शांतारामला एक कॅबिनेट दिसलं. एका बाजूला काच, आत पंखा, पंख्याला निळा लाइट. शांतारामनं दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि तिच्यातून ते समोरून बघितलं, डावीकडून बघितलं, मग खाली बसून बघितलं. मीही बघितलं. आमचा धंदाच दिसण्याचा, आम्ही दुसरं काय बघणार?

"हे घेतलं तर रॅम निम्मी करावी लागेल," सर म्हणाले. "आणि या लाइटचा फोटोशी काही संबंध नाही हो."

"सर," शांताराम शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाईकाला रॅम दिसती का?"

निळ्या लाइटचं कॅबिनेट आलं आणि रॅम निम्मी आली. पुढं आमच्याकडं काम चहावर मोजलं जायचं. फोटो उघडायला अर्धा कप, आडव्याचा उभा करायला एक कप. पार्श्वभूमी बदलायची असली की मंगल घरातून विचारायची, "दूध जास्त आणून ठेवू का?"

*

मॉनिटर मात्र सरांनी सांगितला तोच घेतला, मोठा, मागं भलंमोठं कुबड असलेला. सर पुण्यात पाहुण्यांकडं थांबले. शांताराम कॅबिनेट घेऊन एसटीत पुढं बसला आणि मी मॉनिटर मांडीवर घेऊन मागच्या सीटवर. शेजारी मढच्या एक आजी होत्या. बरोबर केळी आणि औषधांची पिशवी.

"टीव्ही घेतला का रं?" त्यांनी विचारलं.

गप्प बसलो असतो तर मी कसला! चाकणपासून सुरुवात केली. आजी, हा टीव्ही नाही, याला मॉनिटर म्हणतात. यात लाखो रंग दिसतात. साडीचा रंग साडीसारखा, हळदीचा हळदीसारखा. मी तो कसा पारखून घेतला, बाकीचे कसे नापास केले, सगळं सांगितलं. राजगुरुनगर गेलं, मंचर आलं. मांडीला मुंग्या आल्या होत्या, पण तोंड चालू होतं. आजींनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी टीव्हीच," त्या म्हणाल्या. "फकस्त शिरेल लागत न्हाई."

कळंबपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

*

काँप्युटर ठेवायचा कुठं? धूळ नको म्हणून आमची जुनी डार्करूम ठरली. तिथं पूर्वी फोटो धुताना लावायचा लाल बल्ब होता. दुसरं बटण नव्हतं, म्हणून तोच लावून बसायचो. काम करताना एकदम वातावरण यायचं. शांतारामला ते फार आवडायचं.

पहिलं मोठं काम वारूळवाडीच्या लग्नाचं. स्क्रीनवर सगळं वऱ्हाड आम्हाला निळसर, आजारी दिसायला लागलं. मी म्हटलं, लाल वाढव. शांतारामनं वाढवला. थोडा अजून, थोडा अजून. मग चेहऱ्यांवर तेज आलं. सीडी पुण्याच्या लॅबला गेली आणि अल्बम छापून आला.

अल्बम उघडला तर मार्केटला टोमॅटोचा एक नंबरचा माल लागलेला. नवरा लाल, नवरी लाल, भटजी तर कानापर्यंत लाल. तो अल्बम आम्ही नवऱ्याच्या वडिलांना दाखवला. दाखवायला नको होता, पण मला वाटलं, एखाद्याला आवडतोही.

त्यांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली. मग अल्बम मिटून माझ्याकडं दिला.

"दिलीपभाऊ," ते म्हणाले, "आमच्या घरात कुणी दारूला शिवत न्हाई. आन तुमी भटजीला बी पाजलीया."

अल्बम पुन्हा छापला. लाल उजेडात बसल्यावर स्क्रीन निळीच दिसणार, असं म्हणत दुसऱ्या दिवशी सतीश सरांनी स्वतः स्टुलावर चढून तो लाल बल्ब काढून नेला.

*

मधल्या काळात दर बाजाराच्या दिवशी कोंडीभाऊ दारात उभा राहायचा. आत यायचा नाही, पायांना चिखल असायचा.

"उघडलं का आईचं डोळं?"

"होतंय," मी म्हणायचो.

होत काहीच नव्हतं. फोटो स्कॅन केला होता, पण उघडे डोळे आणायचे कुठून? शेवटी कोंडीभाऊच म्हणाला, "आमच्यात सगळी म्हणत्यात, माझं डोळं आईवर गेल्यात." त्याला लगेच आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि फोटो काढला. या वेळी चार काढले. मग त्याचे डोळे कापून आईला बसवायला घेतले. सुरकुत्या जुळवा, सावली जुळवा. एक डोळा मनासारखा बसायला मला पूर्ण दिवस गेला.

आणि वीज गेली.

वीज जाणारच हे गृहीत होतं. यूपीएस होता. पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम सेव्ह करा आणि मशीन बंद करा, हे सरांनी घोकवून घेतलं होतं. आम्ही शिस्तीत मशीन बंद केलं. वीज आल्यावर चालू केलं तर हौसाबाईंचे डोळे पुन्हा मिटलेले.

सर धावत आले. "सेव्ह केलं नव्हतं?"

"काम पक्कं झालं नव्हतं ना," मी म्हणालो. "कच्च्या कामाला कशाला जागा घालवायची? डिस्क भरून गेली म्हणजे?"

सर खुर्चीत बसले. ही डिस्क रोलसारखी नसते, पुसून परत वापरता येते, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. शांतारामचं समाधान होईना. "पण किती रोल मावतात हिच्यात?"

सरांनी अंदाज केला. "हजारेक सहज."

शांताराम माझ्याकडं वळला. "आरं, मग यवढी मोठी कशाला घेतली? तेवढ्यात रॅम आली असती की."

*

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी काम झालं. तीन दिवस बसून, दर दहा मिनिटांनी सेव्ह करून मी दोन्ही डोळे बसवले. खरं सांगतो, आयुष्यात इतकं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. शांतारामला कुठं जोड दिसते का विचारलं. त्याला दिसली नाही. मंगलनं पदराला हात पुसत येऊन बघितलं आणि म्हणाली, "अगदी बघतायत हो."

कोंडीभाऊ त्याच्या वडिलांना घेऊन आला. धोंडूबाबा पहाटे घरून निघून, एसटीच्या फाट्यापर्यंत चालून, दोन गाड्या बदलून आले होते. मी त्यांना स्क्रीनसमोर खुर्चीत बसवलं. मुद्दाम निळा लाइटही चालू ठेवला होता.

बाबांनी डोळे बारीक करून बघितलं. मग कोंडीभाऊकडं वळून म्हणाले, "कोण बाई ही?"

"आई हाय, बाबा."

"न्हाई." त्यांनी परत बघितलं. "लुगडं तिचं हाय. ती न्हाई."

मी समजावायला लागलो, की बाबा, माझ्या चुकीनं डोळे मिटले गेले होते, ते मी उघडलेत. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"चूक कशाची? तुमीच म्हणलं व्हतं न्हवं, मावशी, हसा म्हणून. मी श्येजारीच व्हतो. ती हसली. ती हसली का तिचं डोळं मिटायचंच."

मी माउस हातात घेतला आणि मूळ फोटोवर चढवलेले थर एकेक करून काढायला लागलो. मशीन आमचंच, ते सावकाश चाललं. आधी सावल्या गेल्या, मग सुरकुत्या आपल्या जागी आल्या. बऱ्याच वेळानं उजवा डोळा मिटला. त्यानंतर डावा.

"हां," बाबा पुढं सरकून म्हणाले. "आता आली."

तसाच फोटो मोठा छापला. शांतारामनं फ्रेम केली आणि कोंडीभाऊनं ती गोणपाटात गुंडाळून काखेत घेतली. दारातून धोंडूबाबा परत वळले. काचेतून आतला निळा पंखा फिरत होता, त्याच्याकडं त्यांनी वाकून बघितलं, आणि कॅबिनेटच्या डोक्यावर हलकेच हात ठेवला.

"मशीन मातुर लई भारी घेतलंय राव तुमी," ते म्हणाले. "हाय तश्शी काढली."