दहापट सर

प्रयोग सुरू होण्याआधीच आमच्या सरांना त्याचा निकाल ठाऊक असे, आणि तो नेहमी दहापट असे. त्यामुळे नांदेडच्या आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात त्यांना सगळे ‘दहापट सर’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. आपली टिंगल होते आहे हे कळायलाही थोडी अक्कल लागते, असं मी तेव्हा समजत होते.

त्यांच्या केबिनमध्ये खुंटीवर एक पांढरा कोट टांगलेला असे. खिशावर लाल धाग्यानं त्यांचं नाव भरलेलं. फोटोवाला आला की कोट अंगात जायचा, फोटोवाला गेला की परत खुंटीवर. एकदा एका वर्तमानपत्राच्या फोटोसाठी त्यांनी माझी जिवाणू वाढवलेली ताटली उचलली, झाकण काढून तोंडाजवळ धरली आणि तिच्याकडे बघत प्रसन्न हसले. फोटो छान आला. श्वासानं दूषित झालेली ताटली मी फेकून दिली. चार दिवसांचं काम गेलं.

पण या माणसाचं एक देणं माझ्या माथ्यावर आहे, ते आधी सांगते. मी कंधारची. वडील शाळेत शिपाई. माझं एम.एस्सी. झालं तेव्हा घरात स्थळं बघणं चालू होतं आणि पुढच्या शिक्षणाचा विषय बंद झाला होता. कुणीतरी हे सरांना सांगितलं. एका रविवारी ते स्वतः गाडी घेऊन आमच्या दारात आले, सतरंजीवर मांडी घालून बसले, पिठलं-भाकरी मागून घेऊन खाल्ली आणि वडिलांना म्हणाले, “पोरगी हुशार हाय. लग्न काय, पुढं बी हुईल. तिला माझ्याकडं सोडा.” वडील विरघळले. त्या दिवशी सर आले नसते तर मी आज काय असते, याचा विचार मी टाळते. अशा माणसाचे उपकार असणं फार अवघड असतं.

माझं काम असं होतं. बॅसिलस नावाचा एक जिवाणू आहे, मातीत राहणारा. त्याच्यात बाहेरचं जनुक घातलं तर तो आपल्याला हवं ते विकर बनवतो. विकर म्हणजे एक प्रकारचं प्रथिनच. पण नुसतं बनवून उपयोग नाही. ते पेशीच्या आत राहिलं तर पेशी फोडून काढावं लागतं आणि सोबत सगळा गाळ येतो. जिवाणूनं ते आपण होऊन बाहेर टाकलं, तरच कारखान्याला परवडतं. त्यासाठी प्रथिनाच्या टोकाला एक छोटा तुकडा जोडतात, पाकिटावर पत्ता लिहावा तसा. पत्ता नीट असला की पेशी ते बाहेर पाठवते. मी दोन वर्षं पत्ते बदलत होते. आमचं विकर तुरीचं टरफल सैल करणारं होतं. लातूरच्या डाळ मिलमध्ये तुरीला तेल लावून दिवसच्या दिवस उन्हात घालतात, ते यानं वाचलं असतं.

एक पत्ता अखेर लागू पडला. बाहेरच्या द्रवात विकर भरपूर दिसलं. मी आकडा सांगायच्या आत सरांनी तो ठरवून टाकला, आणि तो किती होता हे सांगायला नको. आठवड्याभरात त्यांनी लातूरच्या एका डाळ मिलवाल्यांना बोलावलं. त्यांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, पांढरं धोतर, शिक्षण फारसं नाही. सरांनी तासभर पडद्यावर चित्रं दाखवली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“सर, हा किडा जित्ता राहून हे बाहेर टाकून राहिला, का मरून फुटल्यावर सांडून राहिला?”

सर खळखळून हसले. मग सभ्यपणे म्हणाले की हे शास्त्र आहे, जरा अवघड आहे. मला हसू आलं नाही, कारण तो प्रश्न मी विचारायला हवा होता. दुसऱ्याच दिवशी मी तपासलं. जिवंत पेशी कधीच बाहेर सोडत नाही असं एक विकर त्या द्रवात शोधलं. ते तिथं होतं, चांगलं भरपूर. म्हणजे माझे जिवाणू काही पाठवत नव्हते. एवढं प्रथिन बनवण्याच्या ताणानं ते फुटत होते.

मी वही घेऊन केबिनमध्ये गेले. सरांनी पान बघितलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

“बाहेर आलं का न्हाई?”

“आलं सर, पण...”

“मंग झालं की. कसं आलं ते कोण इचारतंय? सगळंच लिहीत बसलीस तर म्हातारी होशील इथंच.”

पोतं फाटून गहू सांडला तर त्याला कुणी पेरणी म्हणत नाही. हे मला तेव्हाच सुचलं होतं, पण मी बोलले नाही. प्रबंधावर त्यांची सही लागणार होती. मी वही दप्तरात घातली आणि लातूरच्या चाचणीची तयारी करू लागले. सरांचा तिरस्कार करताना हा भाग मी वगळत नाही.

चाचणीच्या दिवशी द्रवाचे कॅन सरांच्या गाडीतून लातूरला नेले. ते उघडले तेव्हाच मला कळलं. पेशी फुटल्या की आतलं सगळं बाहेर येतं. द्रव घट्ट होऊन त्याला शेंबडासारखी तार सुटली होती, आणि फुटलेल्या पेशींतल्या दुसऱ्या विकरांनी आमचं विकर वाटेतच खाऊन टाकलं होतं. तुरीचे दाणे एकमेकांना चिकटले. दिवसभर ऊन देऊनही वाळेनात. त्यांना कुबट वास सुटला. गिरणीत घातल्यावर टरफल तसंच राहिलं आणि डाळीची चुरी झाली. मिलचे कामगार नाकाला रुमाल लावून उभे होते.

सर आधी म्हणाले, लातूरचं पाणी खराब. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, “पोरीनं घाई केली. मी सांगून राहिलो होतो, नीट तपास म्हणून.”

अप्पा माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. जिवाणू फुटत होते, ते मला महिनाभर आधी कळलं होतं, सरांनाही दाखवलं होतं आणि नंतर मी गप्प बसले. हे मी सत्यासाठी बोलले नाही. दोष माझ्या अंगावर आला म्हणून बोलले. अप्पांनी मान हलवली, रागावले नाहीत. सर गाडीत बसले आणि मला तिथंच सोडून नांदेडला निघून गेले. मी एस.टी.नं परतले. चाकूर, अहमदपूर, प्रत्येक थांब्यावर वाटत होतं की उतरावं आणि घरी जावं.

माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर वर्षभर पडून राहिला. विचारलं की म्हणत, “बघून राहिलो.” शेवटी विभागातल्या एका मॅडमनी मला आपल्याकडे घेतलं. मी जिवाणूंना थंड जागी, सावकाश वाढवलं. पेशी शाबूत राहिल्या आणि विकर खरंच बाहेर आलं, जेमतेम दीडपट. अप्पांनी ते लहान ढिगावर करून बघितलं आणि फोन केला, “थोडंच हाय, पण खरं हाय.” प्रबंधाबद्दल मला मिळालेली तेवढीच शाबासकी पुरेशी होती.

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागले. सर निवृत्त झाले. कार्यक्रमांत भेटले की माझी ओळख ‘माझी विद्यार्थिनी’ अशी करून देत. मी त्यांना अडाणी समजत होते आणि त्या अडाणीपणामुळे त्यांना निम्मं माफही केलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. नातीला संशोधन करायचं होतं. म्हणाले, तुझ्याकडं पाठवतो. मी विचारलं, शहरात मोठे मार्गदर्शक आहेत, सगळे तुमचे मित्र आहेत, मग माझ्याकडे का?

ते म्हणाले, “त्यांच्याकडं काय चालतं ते मला ठावं हाय. तू खोटं लिहू देत न्हाईस. पोरीचं चांगलं व्हावं.”

त्यांना सगळं कळत होतं. वही मिटली तेव्हाही आणि मिलमध्ये बोट केलं तेव्हाही. आपल्या नातीसाठी जे हवं होतं ते त्यांनी आम्हाला कधी दिलं नव्हतं. दिलेली निम्मी माफी मी त्या दिवशी परत घेतली. नातीला मात्र घेतलं. मुलगी मेहनती आहे.

मागच्या महिन्यात सर गेले. विभागात शोकसभा झाली. एकामागून एक लोक त्यांच्या शोधांविषयी बोलत होते. मलाही बोलायला उठवलं. मी म्हणाले, “खरं काय आहे, हे सरांना नेहमी कळायचं,” आणि खाली बसले.

सभेत माना डोलल्या. माझ्यामागे कुणीतरी ‘अगदी बरोबर’ म्हणालं. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची नात तेवढी मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.