पंधराव्या नंबरची स्नेहा पगारे

नाशिकहून चांदवडकडे रोज अपडाऊन करणाऱ्या शिक्षकांच्या गाडीत स्नेहा पगारे मागच्या सीटवर खिडकीशी बसायची आणि पिंपळगाव मागे पडेपर्यंत झोपून घ्यायची. बाकीचे पाच जण बदल्या, प्रशिक्षणं, ऑनलाइन भरायची माहिती यावर बोलत असायचे. तिला कुणी उठवत नसे. आदल्या संध्याकाळी ती दीड तास मैदानावर पळालेली असते, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

खो-खो तिला बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत सापडला. वडील महापालिकेत क्लार्क, आई लताबाई घरी शिवणकाम करायची. पाचवीत असताना स्नेहा वर्गातल्या मुलींना जत्रेतल्या गर्दीसारखं चुकवत पळत होती, ते खंडेराव सरांनी पाहिलं. सर क्रीडा शिक्षक. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून मोठे. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि लताबाईंना म्हणाले, "ताई, संध्याकाळी साडेसहाला पोरगी मैदानावर पाठवा. अभ्यासाची जबाबदारी माझी." लताबाईंनी एकच विचारलं, "घरी सोडायला कोण येणार?" पुढची सात वर्षं सर स्वतः सोडायला आले.

स्नेहा फार वेगाने पळत नसे. तिच्यापेक्षा वेगवान मुली सरांच्या क्लबात चार-पाच तरी होत्या. तिची जागा खांबाजवळची. पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली की तिला मध्येच माघारी वळता येत नाही, आणि पळणारीला मात्र कसंही वळता येतं. स्नेहा सगळा खेळ या एवढ्या फरकावर खेळायची. खांद्याने डावीकडे जाते असं दाखवायची आणि पाय उजवीकडे टाकायची. समोरची सूर मारून जमिनीवर पडायची तेव्हा स्नेहा खांबाच्या पलीकडे उभी असायची. एकोणिसाव्या वर्षी ती नाशिक जिल्ह्याच्या संघात आली आणि तिथून चौदा वर्षं हलली नाही. राज्य स्पर्धेत जिल्हा उपांत्य फेरीपर्यंत जायचा आणि बहुतेक वेळा तिथे हरायचा. याचीही तिला सवय झाली.

डी.एड. झाल्यावर जिल्हा परिषदेची नोकरी लागली. शाळा चांदवडच्या अलीकडे, महामार्गापासून चार किलोमीटर आत, कांद्याच्या शेतांमधल्या एका वस्तीवर. दोन खोल्या, चार वर्ग, एक्केचाळीस मुलं आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी स्नेहाकडे, तिसरी-चौथी देवळ्याच्या अमोल आहेरांकडे. खिचडी शिजवायला सिंधुबाई.

स्पर्धांसाठी तिला रजा मिळायची, पण तेवढे दिवस चारही वर्ग अमोलच्या गळ्यात पडायचे. तो तक्रार करत नसे. फक्त टोमणा मारायचा, "मॅडम खेळायला जातात, आम्ही इथे शाळा शाळा खेळतो." स्नेहा हसून सोडून द्यायची. आत कुठेतरी लागायचंच. येताना ती मुलांसाठी चिक्की आणायची आणि अमोलच्या टेबलावरही एक पुडा ठेवायची. अमोल तो घरी न्यायचा.

एकदा सिंधुबाईंनी विचारलं, "बाई, तुम्ही एवढ्या लांब जाता, तिथं नेमकं काय करता?"

"पळते."

"मग इथं काय कमी रान हाय का पळाया?"

एकोणतिसाव्या वर्षी महाराष्ट्राच्या सराव शिबिरासाठी तिचं नाव आलं. वीस मुली बोलावल्या होत्या, पंधरा निवडायच्या होत्या. खंडेराव सरांनी फोनवर दोनदा यादी वाचून दाखवली, जणू एकदाच वाचली तर नाव पुसलं जाईल. नवऱ्याने, बुद्धभूषणने, नवीन बूट आणले. रजा मंजूर झाली. अकराची बस होती.

सकाळी सात वाजता अमोलचा फोन आला. त्याची बायको वैष्णवी सातव्या महिन्यात होती. रात्री तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि तिला नाशिकच्या दवाखान्यात हलवलं होतं. "मॅडम, आज मला शाळेत येता येणार नाही," एवढंच तो म्हणाला. शिबिराचं त्याच्या लक्षात नव्हतं. आवाज असा होता की त्याला स्वतःचं नाव तरी आठवत असेल का, असं तिला वाटलं.

तिने केंद्रप्रमुखांना फोन लावला. त्या आठवड्यात तालुक्यातल्या शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. जवळच्या शाळांमधूनही एकेकच माणूस उरला होता. "शाळा बंद ठेवता येणार नाही. पण तुमची रजा मंजूर आहे, तुम्हाला मी थांबवत नाही," ते म्हणाले. "काय करायचं ते तुम्ही बघा."

स्नेहा भरलेल्या बॅगेकडे बघत दहा मिनिटं बसली. मग खंडेराव सरांना फोन केला.

"दोन दिवसांनी ये," सर म्हणाले. "मी बोलतो शिबिरवाल्यांशी."

"आणि दोन दिवसांत अमोल सर नाही आले तर?"

"स्नेहा, ही संधी परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे, सर."

अमोल नऊ दिवस आला नाही. मुलगी झाली, वजन फार कमी, काचेच्या पेटीत ठेवलेली. स्नेहाने सगळी मुलं एका खोलीत बसवली. चौथीवाल्यांना पहिलीवाल्यांची अंकलिपी घ्यायला लावली आणि मधल्या वेळेत तिसरीचा भागाकार उरकला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई किती शांत आहेत. शांत नव्हती ती. तिसऱ्या दिवशी संघ जाहीर झाला, तेव्हा दुसरीतल्या रुद्रने सतरानंतर एकोणीस म्हटलं म्हणून ती त्याच्यावर एवढ्या जोराने ओरडली की सिंधुबाई चुलीजवळून उठून दारात आल्या. स्नेहा बाहेर जाऊन हँडपंपावर तोंड धुऊन आली. मग रुद्रला जवळ घेऊन म्हणाली, "चुकलं माझं. अठरा मी म्हणते, पुढचं तू म्हण."

अमोलला हे सगळं महिनाभराने कळलं, तेही सिंधुबाईंकडून. मधल्या सुट्टीत तो तिच्या वर्गात आला आणि मुलांच्या बाकावर अवघडून बसला.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी सांगण्यासारखं होतं का?"

"नंतर तरी."

"नंतर चार दिवस मी तुमच्यावर फार चिडले होते," स्नेहा म्हणाली. "उगाचच. मग राहून गेलं."

"पोरगी आता दोन किलोची झालीय," तो म्हणाला आणि उठला. त्यानंतर शाळा शाळा खेळण्याचा टोमणा तिला ऐकू आला नाही. तिच्या रजेचा अर्ज मात्र तो स्वतःच्या हाताने लिहू लागला. म्हणे, मॅडमचं अक्षर साहेबांना लागत नाही.

दोन वर्षांनी शिबिरात पुन्हा नाव आलं. या वेळी ती गेली. अठरा-वीस वर्षांच्या मुलींमध्ये ती सगळ्यांत मोठी. त्या तिला ताई म्हणायच्या आणि दुखऱ्या गुडघ्याला काय लावायचं ते विचारायच्या. यादीत तिचं नाव शेवटी आलं. पंधरावं.

राष्ट्रीय स्पर्धेत पंधराव्या खेळाडूच्या वाट्याला पाणी देणं आणि टाळ्या वाजवणं येतं. स्नेहाने ते मन लावून केलं. साखळी फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात समोरचा संघ कच्चा होता आणि महाराष्ट्र बराच पुढे. प्रशिक्षक मागे वळून म्हणाले, "पगारे, तयार हो." ती शेवटच्या तुकडीत मैदानात उतरली. पाळी संपायला एक मिनिट पन्नास सेकंद उरले होते. तिच्याबरोबरच्या दोघी पटापट बाद झाल्या आणि मैदानावर ती एकटी उरली. एक मुलगी तिच्यावर झेपावली, मग दुसरी. तिला गर्दीचा आवाज येत नव्हता. बोटांना खांबाचं लाकूड लागत होतं, एवढंच कळत होतं. शिट्टी वाजली तेव्हा ती नाबाद होती.

महाराष्ट्राकडून ती खेळली ते एवढंच. पुढचे सामने तिने बाहेर बसून पाहिले.

इकडे अमोलने शाळेतल्या टीव्हीवर सामना लावून दिला होता. समालोचक तिला सारखं 'श्रेया' म्हणत होता आणि एक्केचाळीस मुलं दरवेळी "स्नेहा बाई!" असं ओरडून त्याला दुरुस्त करत होती. ती परत आली तेव्हा रुद्रने, आता तो चौथीत होता, सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, तुम्ही पळतच नव्हत्या. नुसत्या वळत होत्या. लय भारी!" तिच्या खेळाबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. घरी आल्यावर तिने ते बुद्धभूषणला दोनदा सांगितलं.

जिल्ह्याच्या संघातून ती तेहतिसाव्या वर्षी बाहेर पडली. राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीत पुन्हा हार झाली होती. त्यात तिची चूक नव्हती, पराक्रमही नव्हता. गुडघा सकाळी लवकर वाकेना. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने खंडेराव सरांना फोन केला.

"सर, आता पुरे."

"बरं," सर म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "नक्की ना?"

"नक्की, सर."

घरी सहा महिने संध्याकाळचे साडेसहा तिला खायला उठायचे. ती भाजी निवडायची, मुलांच्या वह्या तपासायची, गॅलरीत जाऊन यायची. शेवटी तिने पंच परीक्षेचा फॉर्म भरला, नियमांचं पुस्तक गाडीतल्या झोपेच्या वेळात वाचलं आणि पहिल्याच खेपेला पास झाली.

तिचा पहिला मोठा सामना क्लबांच्या स्पर्धेतला होता, आणि एका बाजूला खंडेराव सरांच्याच मुली. दुसऱ्या पाळीत सरांची एक मुलगी खो मिळायच्या आधीच जागेवरून उठली. स्नेहाने फाऊलची शिट्टी मारून हात वर केला.

"अगं स्नेहा!" सर रेषेपर्यंत धावत आले. "खो मिळाल्यावर उठली ती! मी इथून बघतोय!"

"आधी उठली, सर. रेषेच्या मागे व्हा."

बाकावरच्या मुली खाली मान घालून हसू दाबत होत्या. मग सर पुटपुटत दोन पावलं मागे गेले, हाताची घडी घालून उभे राहिले, आणि स्नेहाने खेळ पुढे सुरू केला.