हात अगदी नवा

शिंपीकाका मनगटाच्या ऑपरेशनसाठी परदेशात गेले, कारण तिथला डॉक्टर म्हणे देवमाणूस. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमधून निघताना नर्सनं व्हिडिओसाठी मोबाईल समोर धरला. बोटं बधिर होती, पण परक्यांच्या दारात तक्रार कशी करायची, म्हणून काका हसून म्हणाले, "हात अगदी नवा झाला!"

देवमाणसानं चुकून नस कापली होती. बोटं पुन्हा जागी झाली नाहीत, कात्री सुटली ती सुटलीच. काकांनी तिथल्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. हॉस्पिटलनं तोच व्हिडिओ दाखवून दावा उडवला.

"कशाला गोड बोलायला गेलात?" त्यांची गुंडी लावून देत काकू म्हणाल्या.

"तोंडावर वाईट बोलणं बरं दिसतं का?"

"आता दिसतंय ना बरं!"

व्हिडिओ अजून हॉस्पिटलच्या जाहिरातीत आहे. काका तो बघतात, अंगातल्या सदऱ्यासाठी. स्वतःच्या हातानं शिवलेला तो शेवटचा.