सुंभाचं यंत्र माझ्या नावावर

सुंभ वळायचं यंत्र दारात उतरलं तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि बाबांनी सगळ्या वाडीला चहा पाजला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला होता. यंत्र आलं सरकारी अनुदानावर, आणि अनुदान होतं शिकलेल्या बेकार मुलींसाठी. वाडीत मॅट्रिक झालेली मी एकटी. म्हणून मला न विचारताच मी कारखानदार झाले. पाच वर्षं दुसरीकडे नोकरी धरायची नाही, अशी अट होती.

उत्पादन वाढलं का? वाढलं तर! आई हातावर आठवडाभर वळायची तेवढं सुंभ ते मेलं दुपारच्या जेवणाआधी ओकायचं. पण सुंभाला काथ्या लागतो, आणि काथ्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवावी लागतात. चिखलाला घाई करायला सरकार काय देणार होतं, डोंबल? दोन दिवस यंत्र धडधडायचं, मग महिनाभर त्याच्यावर मांजर झोपायचं. मी शेजारी बसून. साहेब कधीही तपासायला येतील, तेव्हा मालकीण हजर हवी ना! त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जीव गुदमरायचा.

अशात कसालच्या शाळेत क्लार्कची जागा निघाली. हेडमास्तर बाबांच्या ओळखीचे, जूनपर्यंत थांबतो म्हणाले. मला ती नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. कारखाना तुमच्या नावावर करून घ्या, असं मी बाबांना सांगून पाहिलं.

"माका खंय देतत गो? मी मॅट्रिक आसंय?" बाबा म्हणाले.

मग मी ठरवलं, साहेबांनाच विचारायचं.

कुडाळहून साहेब यायचे होते त्या दिवसासाठी बाबांनी काथ्या राखून ठेवला होता. साहेबांसमोर यंत्र असं काही धडाडलं की बघता बघता सुंभाचा ढीग पडला. साहेब खूश. यंत्र बंद होताच मी पुढे झाले.

"साहेब, हे बाबांच्या नावावर होईल का? मला नोकरी मिळतेय."

"छे, छे! एवढा छान चाललेला कारखाना कोणी सोडतं का, ताई? उलट तुम्हाला दुसरं यंत्र मंजूर करतो. आणखी पाच वर्षांची अट पडेल, एवढंच. चालवाल ना?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण आनंदाच्या भरात बाबा कचेरीतली मराठीसुद्धा विसरले होते.

"चलयतली तर, साहेब! ती खंय जातली?"